लेबलच्या मागावर: आडवाटेचं संगीत तुम्हाला कुठे सापडतं?

उत्तररात्र (रात्री २:४०)

गेली दोन वर्षं रात्रपाळी करतोय. पहाटे तीन ते पाच या वेळात डोकं कसं असतं ते ही पाळी केलेल्यांनाच कळेल. शब्द असलेलं गाणं नको वाटतं, ठेका नको वाटतो आणि शांतताही नको, कारण शांततेत डुलकी लागते. म्हणून अँबियंटकडे, म्हणजे खोलीत नुसतं पसरून राहणाऱ्या संथ संगीताकडे वळलो. ॲपवर 'एकाग्रतेसाठी', 'झोपेसाठी' अशा याद्या असतात, त्या लावल्या. महिनाभरात विटलो. जिकडेतिकडे तोच ओला पियानो, तोच डबाबंद पाऊस. वाजवणारा कोण म्हणून शोधायला जावं, तर नावामागे माणूसच सापडत नाही.

मग एका रात्री झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा ऐकली. १९८६ सालचं सिएटलमधलं ध्वनिमुद्रण. एक स्वर लागतो, तो पार विझतो, मग दुसरा. रेकॉर्ड काढलीय आयडिऑलॉजिक ऑर्गन या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपनीने. हे लेबल चालवतो स्टीफन ओमॅली, म्हणजे 'सन' नावाच्या मेटल (अतिजड रॉक) बँडचा गिटारवाला. ही मंडळी अंगात झगे घालून, धुराच्या लोटात उभी राहून, एकेक खर्जाचा सूर इतक्या मोठ्या आवाजात ताणतात की तो कानांच्या आधी बरगड्यांना कळतो. अशा माणसाला ध्रुपद काढावंसं का वाटलं, या कुतूहलापोटी त्या लेबलचं बाकीचंही ऐकत गेलो. थोड्या दिवसांत उत्तर मिळालं: त्याला ही दोन वेगळी संगीतं वाटतच नाहीत.

यातली गंमत पुढे आहे. डागरसाहेब राहायचे मुंबईत, चेंबूरला. त्यांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला. त्या पळस्पे फाट्यावर मी कोकणात जाताना शंभर वेळा वडापाव खाल्लाय. आणि ती वीणा माझ्यापर्यंत आली पॅरिसमध्ये राहणाऱ्या मेटलवाल्याच्या हातून!

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. कलाकार आवडला की त्याचे इतर अल्बम शोधायचे नाहीत. लेबल धरायचं आणि त्याच्या यादीत आपल्या अजिबात ओळखीच्या नसलेल्या नावांवर बोट ठेवायचं. माझ्या मते लेबल म्हणजे घराणं. तुम्ही कसं शोधता?

चिंचपोकळी_लोकल

आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेले सहा महिने असाच एक सूर लावून बसलाय. कुठल्या लेबलकडे पाठवू?

खरखर

चेष्टा करताय, पण पाठवाच. क्रिस वॉटसन नावाचा मनुष्य 'टच' या ब्रिटिश लेबलवर असलीच ध्वनिमुद्रणं काढतो. मेक्सिकोतल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर त्याचा अख्खा अल्बम आहे. रुळांची धडधड, इंजिनाची शिट्टी, मधल्या रानातले किडे. तुमच्या आयडीला साजेसंच.

काळी४ (सकाळी ७:१०)

छान धागा. पण लेबलला घराणं म्हणणं मला पटत नाही. घराण्यात माणूस पंधरा-वीस वर्षं घासून निघतो, गळा बदलतो, स्वभाव बदलतो. लेबल म्हणजे फार तर बैठकीचा यजमान. दिवाणखाना त्याचा, आमंत्रणं तो धाडतो, चहा-पाणी बघतो. यजमान रसिक असला तर तिथे ऐकायला मिळतं ते सहसा फुकट जात नाही, इतकंच.

घराण्याचा विषय निघालाच आहे तर किराणा घ्या. पंडित प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. इथे मैफिली गाजवणाऱ्यांत त्यांचं नाव नव्हतं. आलाप अतिशय संथ, श्रुतीवर नको इतकं लक्ष, टाळ्या घेणाऱ्या ताना नाहीत. १९७० साली ते अमेरिकेला गेले आणि तिथे टेरी रायली, ला माँट यंग अशी माणसं त्यांच्या पायाशी बसली. ही दोघं म्हणजे तिकडच्या मिनिमल, म्हणजे मोजक्याच सुरांवर चालणाऱ्या संगीताचे मूळ पुरुष. यंग आणि त्यांच्या पत्नी मेरियन झझीला यांनी स्वतःच्या छोट्या लेबलवर एक सीडी काढली होती. त्यात काय आहे? नुसते तंबोरे. गाणं नाही, वादन नाही. एक तासाहून जास्त वेळ प्राणनाथांचे तंबोरे वाजताहेत.

मी ती ऐकली तेव्हा पहिली दहा मिनिटं गाणाऱ्याची वाट पाहत बसले. सवयच तशी. आम्ही जवारी (तारेचा झंकार) लावायला पाऊण तास घालवतो आणि गाणं सुरू झालं की तंबोऱ्याला विसरतो. विसाव्या मिनिटाला खर्जाच्या तारेतून वरचा गंधार स्वच्छ ऐकू यायला लागला, मग कुणी गायलं नाही याचं वाईट वाटेना.

किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य मिरजेत आणि तंबोरे बनवणाऱ्यांची गल्लीही मिरजेतच. पंढरपूरकडचा भोपळा, घोडीवर सरकवलेला एक दोरा, त्यातून निघालेला हा झंकार. न्यूयॉर्कमधल्या ज्या खोलीला हे लोक 'ड्रीम हाउस' म्हणतात, तिथे पोचलेलं बरंचसं आपल्या स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत रोज वाजत होतं.

उत्तररात्र

काळी४, यजमान मान्य. 'घराणं' मागे घेतो. ती सीडी तुम्हाला मिळाली कुठे?

काळी४

एका विद्यार्थिनीने अमेरिकेतून आणली. परत मागितली नाहीये अजून, मी विषय काढत नाही.

जुनाबाजार (दुपारी १:३०)

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडून भर.

लेबलला मी यजमानही म्हणणार नाही. मला ते साठच्या दशकातल्या आपल्या लघुअनियतकालिकांसारखं वाटतं. एक हट्टी माणूस, पदरचे पैसे, तीनशे-पाचशे प्रती, वेळापत्रक नाही. अशोक शहाण्यांचं 'प्रास' आठवा. पुस्तक कोणाचं आहे ते नंतर बघायचं, प्रासचं आहे ना, मग उचलायचं. ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराने १९७५ साली 'ऑब्स्क्युअर' नावाचं लेबल काढलं, ते अगदी याच जातीचं. तीन-चार वर्षांत एकूण दहा रेकॉर्ड्स आणि खेळ खलास. पण त्या दहांत गॅव्हिन ब्रायर्सची टायटॅनिकवरची रचना आहे आणि ईनोचा स्वतःचा 'डिस्क्रीट म्युझिक' आहे.

त्यामागचा किस्सा बहुतेकांना ठाऊक असेल, तरी सांगतो, मला तो सांगायला आवडतो. ईनो अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला. भेटायला आलेल्या मैत्रिणीने जाताना अठराव्या शतकातल्या हार्पच्या संगीताची रेकॉर्ड लावून दिली. आवाज फारच बारीक, त्यात एका बाजूचा स्पीकर बंद. उठून वाढवायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस. पावसातून मधूनच एखादी तार ऐकू यायची. चिडता चिडता त्याच्या लक्षात आलं की हे ऐकण्याचंच एक वेगळं तंत्र आहे. खोलीत उजेड असतो तसं संगीत असू शकतं. १९७८ ला त्याने विमानतळासाठीचा अल्बम केला आणि 'अँबियंट' हे नाव रूढ झालं.

आता आपल्या मुंबईचं. चरणजित सिंग! हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा हा माणूस १९८२ साली एचएमव्हीसाठी दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवतो. हाताशी काय, तर रोलँड कंपनीचं टीबी-३०३ (बेसचं यंत्र), टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर). रेकॉर्ड पडली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोत त्याच ३०३ मधून ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार निघाला आणि जगभर पसरला. एडो बॉमन या डच संग्राहकाला चरणजितची रेकॉर्ड २००२ साली दिल्लीत सापडली. तो मुंबईला येऊन म्हाताऱ्याला भेटला आणि २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या त्याच्या लेबलवर ती परत काढली. त्यानंतर सत्तरीतला हा मनुष्य युरोपात तीच यंत्रं घेऊन तरुण पोरांसमोर वाजवत होता. २०१५ ला गेला.

पुण्याच्या जुन्या बाजारात मी वीस वर्षं रविवार घालवलेत. ती मूळ रेकॉर्ड माझ्या हातातून नक्की गेली असणार. मुखपृष्ठावर सिंथेसायझर दिसला की आम्ही 'वाद्यवृंदाचा कचरा' म्हणून बाजूला टाकायचो. हे आता आठवलं की जेवण जात नाही.

चिंचपोकळी_लोकल

म्हणजे ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला?

जुनाबाजार

असं लोक म्हणतात, मी म्हणणार नाही. शिकागोवाल्यांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचं काही कुठे दिसत नाही. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी दोघांना सारखं काही सुचलं. एवढंही पुरेसं आश्चर्य आहे.

काळी४

मी काल रात्री ते ऐकलं. नाक मुरडायच्या तयारीनेच बसले होते. भूप चांगला आहे हो! त्या ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय दिसते. मींड म्हणवत नाही, पण मींडेची नक्कलही नाही, तिसरंच काहीतरी. कलावती मात्र दोन मिनिटांत कळला की पुढे काही घडत नाही. हार्मोनियमवर राग वाजवतात तेव्हाही मला असंच होतं, त्यामुळे दोष माझा असू शकतो.

योकोहामाची_सई (दुपारी ४:०५)

मी सात वर्षं जपानात आहे आणि इथलं अँबियंट मला इथे राहून कळलं नाही, यूट्यूबवर कळलं. लाज वाटते पण खरं आहे.

हिरोशी योशिमुरा यांचा पहिला अल्बम १९८२ चा. टोकियोच्या हारा संग्रहालयाच्या खिडक्यांतून दिसणारी झाडं, आभाळ, ढग यांवरून सुचलेली छोटी छोटी नऊ पोस्टकार्डं. फेंडर ऱ्होड्ससारखा एक की-बोर्ड आणि भरपूर मोकळी जागा. सातोशी आशिकावा यांनी काढलेल्या 'साउंड प्रोसेस' या इवल्याशा लेबलने ती रेकॉर्ड काढली. आशिकावा पुढच्याच वर्षी गेले. योशिमुरा २००३ ला गेले. अमेरिकेत त्यांची रेकॉर्ड पहिल्यांदा निघाली २०१७ ला. म्हणजे लोक ज्याला डोक्यावर घेताहेत त्याला त्यातलं काहीच कळलं नाही.

मिदोरी ताकादांचं उलट. १९८३ ला दोन दिवसांत मरिंबा, घंटा, ओकारिना, कोकच्या बाटल्या असलं सगळं एकटीने वाजवून अल्बम केला, तो खपला नाही, त्या रंगभूमीकडे वळल्या. तीसेक वर्षांनी यूट्यूबने तो अल्बम कारण नसताना लोकांपुढे सरकवायला सुरुवात केली. लाखोंनी ऐकला. २०१७ ला एक स्विस आणि एक न्यूयॉर्कचं लेबल मिळून तो परत निघाला आणि बाई पासष्टीनंतर जगभर दौरे करायला लागल्या. म्हणून ॲपच्या याद्यांत काही हाती लागत नाही, हा उत्तररात्र यांचा अनुभव मला सगळ्या अल्गोरिदमला लावावासा वाटत नाही. कधीकधी यंत्र चुकतं आणि ती चूक बरी असते.

या संगीताला इथे 'कानक्यो ओंगाकु' म्हणतात, म्हणजे परिसर-संगीत. त्यातलं बरंचसं कंपन्यांनी करून घेतलेलं आहे. योशिमुरांचा एक अल्बम तर मिसावा होम्स या घरं बांधणाऱ्या कंपनीसाठी होता. आपल्याकडे बिल्डरने फ्लॅटसोबत मॉड्युलर किचन द्यावं, तसं यांनी संगीत दिलं.

चिंचपोकळी_लोकल

आमच्या बिल्डरने लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजा बंद करा' दिलंय. चोवीस तास चालतं.

बरं, आता गंभीर. तुम्ही सगळे हसलात तरी चालेल. आमच्या आजीकडे मंत्राची डबी होती. प्लगला लावायची, हिरवा दिवा, त्यातून एकच ओळ दिवसभर. लहानपणी डोकं उठायचं. आजी गेल्यावर तेराव्यापर्यंत ती चालूच होती, कोणी बंद करेना. शेवटी काकांनी प्लग काढला तेव्हा घराचा कुठला तरी भाग पडल्यासारखं झालं. तुमचं अँबियंट हेच का?

खरखर

हेच. आणि तुम्हाला धक्का बसेल, पण त्या डबीचा अल्बम निघालाय. बीजिंगच्या एफएम३ या दोघांनी चिनी देवळांत मिळणारी तशीच मंत्रपेटी पाहिली आणि २००५ मध्ये 'बुद्ध मशीन' काढली. सिगरेटच्या पाकिटाएवढा प्लास्टिकचा डबा, आत नऊ तुकडे, बटण दाबून तुकडा बदलायचा, बॅटरी संपेपर्यंत वाजतो. स्पीकर भिकार, तीच मजा. ईनोने स्वतः विकत घेतल्या होत्या. आमच्याकडे एक आहे, बाथरूममध्ये असते.

चिंचपोकळी_लोकल

आजीची डबी माळ्यावर आहे बहुतेक. बघतो.

हिशेबनीस (रात्री ९:२०)

सगळं रम्य चाललंय, पण पैशाचं कोणी बोलेना.

स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की वर्षात एक हजार वेळाही न ऐकलं गेलेल्या ट्रॅकला रॉयल्टी नाही. चाळीस मिनिटांचा एकच ट्रॅक असलेला ड्रोन (एकच सूर ताणून धरणारा) अल्बम हजार वेळा कोण ऐकणार? आणि ऐकला तरी तो 'एक' ऐकणं, दोन मिनिटांच्या गाण्याएवढंच. म्हणजे संथ संगीताला ही व्यवस्था मुळातच दंड करते. मग लोक चाळीस मिनिटांचे वीस तुकडे करतात. उत्तररात्र यांना भेटलेला तो 'ओला पियानो' असाच दोन-दोन मिनिटांचा का असतो, ते यात आलं.

बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकाराकडून थेट संगीत विकत घ्यायच्या संकेतस्थळावर, हिशेब साधा आहे. २००८ पासून चालू आहे, डिजिटलवर ते १५ टक्के घेतात, वस्तूंवर १०, बाकी बहुतेक कलाकाराला किंवा लेबलला. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या सुरुवातीला, त्यांनी एका शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडला, मग ते ठरावीक शुक्रवारी होत राहिलं. माझी एकच पंचाईत म्हणजे त्या शुक्रवारी बायकोला कार्डाचा मेसेज जातो.

मात्र तिथेही डोळे मिटून बसू नका. २०२२ ला ती कंपनी एपिक गेम्सने घेतली, २०२३ ला साँगट्रेडरला विकली आणि जवळपास निम्मी माणसं घरी बसवली. घेतलेलं उतरवून ठेवा. फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवणारी), वेगळी हार्ड डिस्क, शिवाय एक प्रत दुसऱ्या घरी. मी ऑडिटवाला आहे, माफ करा.

उत्तररात्र

हा हिशेब डोक्यात आला नव्हता. दंडवत.

शोधयात्रा

माझा प्रश्न जरा खवट आहे. 'दुर्मिळ संगीत सापडलं' म्हणतो तेव्हा ते कोणाला सापडलं? वाजवणाऱ्याला ते हरवलेलं नव्हतंच. चरणजित सिंगांना आपण काय वाजवलं ते माहीत होतं. रूपा विश्वास यांचा १९८२ चा डिस्को अल्बम, कॅनडात कॅलगरीला केलेला, आशिष खाँच्या सरोदसकट, त्यांच्याच घरी होता की! परदेशी लेबल येतं, 'हरवलेलं रत्न' असं छापतं, आणि चकचकीत रेकॉर्ड परत आपल्यालाच तीन हजारांना विकतं.

जुनाबाजार

तीन हजारांत कुठे मिळते ते सांगा, पत्ता द्या :)

पण मुद्दा बिनतोड आहे. फरक लेबला-लेबलांत असतो. 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका' घ्या. ब्रायन शिमकोविट्झ आधी नुसते कॅसेटचे आवाज ब्लॉगवर टाकायचा, कोणाला न विचारता. मग लेबल काढलं तेव्हा माणसं शोधून, करार करून, नफा निम्मा-निम्मा. हायलू मर्गिया हा इथिओपियाचा की-बोर्डवाला, त्याची १९८५ ची ॲकॉर्डियनची कॅसेट त्याला इथिओपियात मिळाली. फोन लावला तर हायलू वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवत होता. टॅक्सीच्या डिकीत की-बोर्ड, दोन भाड्यांच्या मध्ये रियाज. २०१३ ला ती परत निघाली आणि तो पुन्हा स्टेजवर आला. याला मी लूट म्हणणार नाही. पण असं न विचारता, न शोधता छापणारेही आहेतच, नावं घेत नाही.

शोधयात्रा

मान्य. आणि एक चांगलं उदाहरण माझ्याकडेही आहे. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला होता, आख्खा स्टुडिओच. पुढली दोन-तीन वर्षं तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. मग स्टुडिओ थंडावला आणि टेपा संस्थेच्या संग्रहातच पडून राहिल्या. पॉल पर्गस या लंडनच्या कलाकाराने त्या धुंडाळल्या, दुरुस्त केल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संच निघाला. शाळेत आम्हाला कोणी सांगितलं नाही की या देशात १९६९ ला इलेक्ट्रॉनिक संगीत होत होतं. मला वाटायचं ते थेट आशा-पंचमच्या गाण्यांत उगवलं.

याच गीताबाई १९४६ ला न्यूयॉर्कला गेल्या होत्या आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवून त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूचं उत्तर सांगितलं: मन शांत, निवळ व्हावं म्हणून. केज ते आयुष्यभर सांगत राहिला. आपण गीताबाईंचं नाव विसरलो.

खरखर

आता मूळ प्रश्नाकडे. शोधायचं कसं. माझा धंदा ध्वनिमुद्रणाचा, त्यामुळे मी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचतो. मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) कोणी केलं? आवडलेल्या तीन रेकॉर्डवर टेलर डूप्री हेच नाव दिसलं, म्हणून त्याच्या '१२के' लेबलपर्यंत पोचलो. मग डिस्कॉग्जवर (रेकॉर्डांच्या नोंदी ठेवणारं संकेतस्थळ) त्या माणसाचं पान उघडायचं आणि खाली घसरत जायचं. आभाराच्या यादीतली नावं हा सगळ्यांत मोठा खजिना, तिथे कोणी खोटं बोलत नाही.

दुसरं, रेडिओ. लंडनचं एनटीएस, दिल्लीचं बॉक्सआउट. कार्यक्रम चालवणारी व्यक्ती आवडली पाहिजे, मग ती काहीही लावो. पूर्वी आकाशवाणीवर निवेदकाच्या आवाजावरून आपण रेडिओ बंद करायचा की नाही ते ठरवायचो, तसंच.

मुंबईत ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डांचं दुकान होतं तोवर तिसरा मार्ग होता: काउंटरवरच्या माणसाला 'परवा दिलंत तसलं अजून काही' म्हणायचं. २०१६ ला ते बंद झालं. त्या माणसाची जागा कोणी भरलेली नाही.

नव्वदची_कॅसेट (रात्री ११:५०)

नमस्कार. नेहमी वाचनमात्र असते, पहिलाच प्रतिसाद. विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. बाबांची एक कॅसेट सापडली, बाहेर नुसतं पेनाने 'माडी, श्रावण' लिहिलंय. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसते. घर चिपळूणला, इतके पावसाळे कपाटात होती. दुकानदार म्हणाला फेकून द्या. वाजवू का?

खरखर

थांबा! वाजवू नका. आणि ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही रिळांसाठी असतो, कॅसेटला सहसा लागत नाही.

कॅसेट स्क्रूची आहे की चिकटवलेली? आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटी बहुतेक चिकटवलेल्या. तशी असेल तर कवच कडेने जपून फोडायचं आणि दोन्ही गुंडाळ्या उचलून दुसऱ्या स्क्रूच्या कवचात बसवायच्या. हे गच्चीत करा, तोंडाला मास्क लावून, बुरशी छातीत जाते. मऊ कोरड्या ब्रशने कडा झाडा. पाणी अजिबात नको. मग एखाद्या टाकाऊ टेपरेकॉर्डरवर एकदा पुढे, एकदा मागे पळवा, म्हणजे चिकटलेले पदर सुटतील. चांगल्या डेकमध्ये आधी घालू नका, नाहीतर त्याचं हेड आणि रबराचं चाक बरबटतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहा.

शेवटी हेडशेजारचा बारका स्क्रू अगदी केसभर फिरवून आवाज सगळ्यांत स्वच्छ कुठे येतो ते कानाने बघा आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर एकदाच नीट उतरवा. टेप झडते तेव्हा दुसरी संधी मिळत नाही. विल्यम बॅसिन्स्की या अमेरिकन संगीतकाराने २००१ मध्ये आपल्या जुन्या टेपा उतरवताना त्या झडताना पाहिल्या आणि त्या झडण्याचीच रेकॉर्ड केली, जगभर नाव झालं. तुम्ही तो मार्ग घेऊ नका. तुम्ही कुठे असता? पुण्यात असाल तर माझ्याकडे आणा.

नव्वदची_कॅसेट

पुण्यातच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हिशेबनीस (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. कॅसेटचं काय झालं?

खरखर

त्या सांगतील. माझं काम फक्त हमालीचं होतं.

नव्वदची_कॅसेट

उतरली. ए बाजूला सात-आठ मिनिटं बुरशीने गेलेली, बाकी सगळं शाबूत.

बाबा बँकेत होते, गाणं-बिणं काही नाही. आम्हाला वाटलं नाट्यगीतं असतील. ए बाजूला माडीवरच्या खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवून नुसता पाऊस. पन्हळीतून पडणारं पाणी पिंपात, पिंप भरत जातं तसा आवाज वर चढतो. मध्येच खालून आई हाक मारते, दूध आलंय म्हणून. बाबा उत्तर देत नाहीत, कारण रेकॉर्डिंग चालू आहे. ती परत हाक मारते. तिसऱ्यांदा चिडून. मग जिन्यावर पावलं, आणि बाबांचा 'श्शू'. दोघं हसतात. बी बाजूला पुन्हा पाऊस, दुसऱ्या दिवशीचा असावा.

आईला ऐकवलं. ती म्हणाली, पिंप गळकं होतं, म्हणून शेवटपर्यंत भरत नाहीये बघ.

उत्तररात्र (पहाटे ४:१५)

मी आत्ता पाळीवर आहे आणि हे तीनदा वाचलं. बँडकॅम्पवर टाकाल का? माझ्यापुरतं सांगतो, ए बाजू तुटलेल्या सात मिनिटांसकट हवी.

जुनाबाजार

+१. मुखपृष्ठावर ते पेनातलं 'माडी, श्रावण' तसंच ठेवा.

शोधयात्रा

आधी त्यांना विचारा तरी, टाकायचंय का.

नव्वदची_कॅसेट

आईला विचारलं. नको म्हणाली, 'श्शू' लोकांनी ऐकायचं नाही. पण ज्यांना ऐकायचंय त्यांनी रविवारी घरी यावं, साबुदाण्याची खिचडी करते म्हणाली. कोथरूडला राहतो, पत्ता व्यनित देईन. येताना खरखर यांनी ती बुद्धाची पेटी आणावी, आईला बघायचीय.

चिंचपोकळी_लोकल

मी पण येतो. आजीची डबी सापडली, चालते अजून.